मीटिंगच्या आधी लिहिलेलं इतिवृत्त

माझ्या हातून झालेली ती चूक एखाद्या डच माणसाच्या हातून कधीच झाली नसती. ती व्हायला महाराष्ट्रातल्या सरकारी इंजिनिअरची मुलगीच हवी. आमचे बाबा धरणांच्या खात्यात होते आणि त्यांच्या ऑफिसात मीटिंगचं इतिवृत्त आदल्या दिवशीच टाइप होऊन तयार असायचं. हजेरीची जागा तेवढी मोकळी. साहेब आले, चहा झाला, सह्या झाल्या की मीटिंग संपली. बाबांना त्याचा केवढा अभिमान! "लोक बोलत बसतात, मी कामं उरकतो," म्हणायचे. मीही तशीच निघाले. डेल्फ्टमधल्या कंपनीत मी पुराच्या अंदाजाची मॉडेल्स बनवते, आणि कुठल्याही चर्चेचा शेवट काय होणार हे मला पाच मिनिटांत दिसतं. उरलेला पाऊण तास मी खुर्चीत चुळबुळत काढते. माझे डच सहकारी मात्र प्रत्येकाचं ऐकून घेतात, आणि मग पुन्हा एकदा ऐकून घेतात. वीस वर्षं झाली, मला अजून ते झेपलेलं नाही.

इथल्या नोकरीतले माझे पहिले साहेब आता निवृत्त आहेत. त्यांना सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळते, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणते. काका क्वेकर आहेत. हा ख्रिस्ती लोकांमधलाच एक छोटा पंथ, पण यांच्याकडे पाद्री नाही, वेदी नाही, प्रवचन नाही. रविवारी खुर्च्या गोल मांडून तासभर गप्प बसायचं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलंच तर उठून चार वाक्यं बोलायची आणि परत बसायचं. युद्धाला हे लोक पहिल्यापासून नाही म्हणत आलेत. सैन्यात जायचं नाही म्हणून यांच्यातले कित्येक जण तुरुंगात गेले. इतकं मला माहीत होतं, आणि इतकं मला पुरेसं होतं.

एके दिवशी काकांचा फोन आला. "तुला धरणं कळतात आणि लिहिता चांगलं येतं. तीन दुपारी देशील का?"

प्रकरण असं होतं. दोन शेजारी देश, एक नदी. नावं सांगणार नाही, तसा शब्द दिला आहे. नदी वरच्या देशातून खालच्या देशात उतरते. दोघांचं इतकं बिनसलेलं की सीमा बंद, राजदूत आपापल्या घरी, टपालसुद्धा तिसऱ्या देशातून फिरून जायचं. त्या आठवड्यात डेल्फ्टमध्ये पाण्यावरची एक परिषद होती आणि दोन्हीकडचा एकेक अधिकारी तिला आला होता. परिषदेच्या हॉलमध्ये दोघं एकमेकांकडे पाहतही नसत. पण काकांनी दोघांना वेगवेगळं गाठलं, आणि दुपारी हेगमधल्या क्वेकरांच्या घरी येऊन बसायला दोघंही तयार झाले. सरकारतर्फे म्हणून यायचं नव्हतं, आपले आपण म्हणून यायचं होतं. अशी घरं क्वेकर लोक जगात आणखीही काही ठिकाणी चालवतात म्हणे. भांडणाऱ्या देशांची माणसं तिथे गुपचूप जेवायला येतात, बाहेर कुणी एक अक्षर बोलत नाही.

खालच्या देशातून आलेली बाई माझ्याच वयाची होती. नदीकाठच्या एका जिल्ह्याची पूरव्यवस्था तिच्याकडे. ठेंगणी, खणखणीत आवाजाची, बोलताना टेबलावर बोट आपटणारी. मला ती बघताक्षणी आवडली. दोन वर्षांपूर्वी वरच्या धरणाचे दरवाजे पहाटे उघडले आणि तिला कुणी कळवलंच नाही. तिच्या ऑफिसातले दोन जण वस्तीतल्या लोकांना बाहेर काढायला होडी घेऊन गेले ते परत आले नाहीत. वस्तीतलीही माणसं गेली. "मला पाण्याचा वाटा नको, करार नको, माफी नको," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "दरवाजे उघडायच्या आधी सहा तास एक फोन हवाय. बस. पावसाळा चार महिन्यांवर आलाय. तो फोन आला नाही तर मी पुन्हा माणसं मोजत बसणार."

वरच्या देशाचे साहेब साठीकडे झुकलेले, सडपातळ, कोटाची सगळी बटणं लावून बसणारे. ते त्याच धरणावर होते. दरवाजे कधी उघडायचे हे त्यांच्या देशात लष्करी गुपित. शत्रूच्या देशात तसा फोन करणं म्हणजे सरळ देशद्रोह. "हे माझ्या हातात नाही," एवढंच ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

आणि मग सगळे गप्प. तिथला रिवाजच तसा. एकजण बोलला की लगेच दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, आधी ते बोलणं जरा आत उतरू द्यायचं. काका हात मांडीवर ठेवून बसले होते. खिडकीबाहेर ट्राम गेली. माझ्या पोटात गुरगुर झाली आणि ती चौघांनाही ऐकू गेली. मला तर वाटत होतं, अहो, काहीतरी बोला! चार महिने राहिलेत आणि आपण इथे भिंतीवरचं घड्याळ ऐकतोय? आमच्या घरी जेवताना दोन मिनिटं शांतता झाली तर आई विचारायची, कुणाचं काय बिनसलंय.

चहाच्या वेळी मी काकांना स्वयंपाकघरात गाठलं. "मतदान तरी घ्या. निदान कोण कुठे आहे ते तरी कळेल."

"चार माणसांत मतदान?" ते हसले. "आणि जो हरेल तो घरी जाऊन काय करेल?"

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. क्वेकरांच्या कामकाजाच्या बैठकीत मत घेतच नाहीत. बहुमत नाही, हात वर करणं नाही. सगळ्यांचं बोलणं ऐकून, लिहिणारा तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, चार ओळी लिहितो. तो लिहीत असताना बाकीचे गप्प थांबतात. मग तो वाचून दाखवतो. एकाला जरी एखादा शब्द टोचला तरी बदलतो. सगळ्यांना ते आपलंच म्हणणं वाटलं तरच ते लिखाण राहतं, नाहीतर विषय पुढच्या खेपेला. बैठक संपल्यावर घरी जाऊन लिहायचं नाही. आणि बैठकीच्या आधी तर नाहीच नाही.

हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. मुद्दाम सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला कुणी अजाण समजू नये.

दुसऱ्या दुपारी जरा वेगळं वारं वाहिलं. जेवण म्हणजे वाटाण्याचं सूप, पाव आणि चीज. मी डब्यातून दडपे पोहे नेले होते ते मात्र फस्त झाले. त्या घरात जेवणानंतर पाहुण्यांनीही भांडी घासायची असतात. बाई घासत होती, साहेब फडक्याने पुसत होते, मी कपाटात लावत होते. कोटाच्या बाह्या दुमडलेल्या साहेबांना बघून मला गंमत वाटली. थाळी पुसता पुसता, कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "त्या पहाटे मी धरणावरच होतो. फोन समोर होता. मी त्याच्याकडे बघत होतो."

बाईचा हात साबणाच्या पाण्यात तसाच थांबला. ती म्हणाली, "सहा तास. सहा तासांत मी अख्खी वस्ती शाळेत वर नेते. म्हाताऱ्यांनासुद्धा."

साहेबांनी मान हलवली आणि पुढची थाळी उचलली. त्या मान हलवण्याने मी हवेत गेले. झालं की! माणूस विरघळला, आता उद्या शब्दांत बांधायचं तेवढं बाकी. ट्रेनमध्ये माझ्या डोक्यात वाक्यं जुळायला लागली. घरी आल्यावर कुकर लावून मी लॅपटॉप उघडला आणि तासाभरात मसुदा तयार. वरचा पक्ष दरवाजे उघडण्यापूर्वी किमान सहा तास दूरध्वनीने सूचना देण्यास सहमत आहे, वगैरे. छान झाला होता, अजूनही सांगते. चार प्रती छापल्या.

नवऱ्याने प्रिंटरमधून एक उचलून वाचली. तो आइंडहोवनला चिपच्या कंपनीत असतो, पण जिभेने पक्का सदाशिवपेठी. "साखरपुडा व्हायचाय आणि तू बारशाची पत्रिका छापलीस," म्हणाला.

"तू गप्प बस. वेळ वाचतो," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि चारही खुर्च्यांवर एकेक कागद ठेवला. वर पेन्सिलीसुद्धा. काका स्वयंपाकघरात कॉफी करत होते. पहिले आले साहेब. त्यांनी कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे कुणी ठरवलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, उलट एकदम खाली गेला होता. "आणखी कुठे कुठे गेलाय हा कागद?"

"कुठेच नाही, नुसता मसुदा आहे," मी म्हणेपर्यंत त्यांनी ओव्हरकोट अंगात घातला होता. त्यांच्या देशात 'सहमत आहे' असं छापलेला एक कागद माणसाला आत टाकायला पुरतो. तो मी, घरच्या प्रिंटरवर, चार प्रतींत काढला होता.

आणि नेमकी तेव्हाच बाई आली. ओली छत्री हातात, दारातूनच तिने खुर्चीवरचा कागद उचलला. वाचता वाचता तिचा तो खणखणीत चेहरा असा काही मऊ झाला की मला बघवेना. तिने कागद छातीशी धरला, साहेबांकडे वळली आणि डोळे भरून म्हणाली, "तुमचे उपकार मी विसरणार नाही."

साहेब म्हणाले, "मी हे कबूल केलेलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, ते तेव्हा कळलं. दोन दिवसांत जे थोडंफार जमलं होतं ते मी माझ्या हुशारीपायी मातीत घातलं होतं, आणि त्याची किंमत मी देणार नव्हते. ती तिच्या नदीकाठची माणसं देणार होती.

काका कॉफीचा ट्रे घेऊन आले. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चारही कागद गोळा केले, साहेबांच्या हातात दिले आणि म्हणाले, "हे तुमचे. काय करायचं ते तुम्ही ठरवा. जायच्या आधी थोडा वेळ बसाल?"

साहेब ओव्हरकोट न काढता बसले. आम्ही सगळेच बसलो. आणि मग जी शांतता झाली तिच्यात मला पहिल्यांदाच घड्याळ ऐकू आलं नाही. मी स्वतःवर भयंकर चिडले होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कॉफी तशीच निवली. मग मी उठले. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण उठल्यावर बोलणं भागच होतं.

मी म्हणाले, चूक माझी, एकटीची. आणि मग जे मी नवऱ्यालाही कधी धड सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मी शाळेत असताना बाबांच्या धरणातून पाणी सोडलं होतं. त्याआधी पूरतयारीची मीटिंग झाली होती, आणि तिचं इतिवृत्त नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी तयार होतं. त्यात ओळ होती, 'नदीकाठच्या सर्व गावांना पूर्वसूचना देण्यात आली.' दरवर्षी असायची तीच ओळ. त्या वर्षी एका गावाला निरोप पोचलाच नव्हता. निरोप घेऊन जाणारी जीप वाटेत बंद पडली होती. पण कागदावर तर सगळं झालेलं होतं, म्हणून कुणी विचारलंच नाही. त्या गावातली सहा माणसं गेली. बाबांवर ठपका आला नाही, कारण कागद चोख होता. बाबा त्यानंतर घरात कमी बोलायला लागले, पण इतिवृत्तं लिहायची पद्धत काही बदलली नाही. "आणि मीही तेच शिकले," मी म्हणाले. "माफ करा." आणि खाली बसले.

कुणी समजूत घातली नाही. मग खुर्ची वाजली. साहेब उभे राहिले होते. मला वाटलं, निघाले. त्यांनी ओव्हरकोट काढला, खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि उभ्यानेच बोलायला लागले.

"सहा तास मी देऊ शकत नाही. कारण मलाच हुकूम तासभर आधी येतो. हे सांगायला मला तीन दिवस लाज वाटत होती. धरण माझं म्हणतात, पण मला कुणी काही सांगत नाही." ते थांबले. "हुकूम आला की मी फोन करीन. नाव सांगणार नाही, देश सांगणार नाही. पाणी सोडतोय, एवढंच म्हणेन. मी तिथे आहे तोवर. माझ्यानंतर येणाऱ्याबद्दल मी शब्द देऊ शकत नाही."

बाई खाली मान घालून ऐकत होती. तासाभरात अख्खी वस्ती वर नेणं म्हणजे काय, याचा हिशेब तिच्या डोक्यात चालू असणार. मी तिच्या जागी असते तर वाद घातला असता, तीन तास तरी द्या म्हणून. ती उठली आणि म्हणाली, "फोन आला की मी कोण म्हणून विचारणार नाही. खात्री करत बसणार नाही. लगेच भोंगे वाजवीन."

मग काकांनी वही उघडली आणि लिहायला लागले. म्हातारा हात, सावकाश अक्षर. आम्ही तिघं थांबलो. त्यांनी वाचून दाखवलं. "एकाला कळेल तेव्हा तो कळवेल. दुसरी त्यावर विश्वास ठेवून लगेच कामाला लागेल." साहेबांनी 'कळवेल'च्या आधी 'तिथे असेपर्यंत' घालायला सांगितलं. बाईने 'विश्वास ठेवून' हे शब्द काढायला लावले. म्हणाली, विश्वास आहे की नाही मला माहीत नाही, पण कामाला मी लागेन. काकांनी दोन्ही बदललं आणि पुन्हा वाचलं. तिघांनी माना डोलावल्या. सह्या नाहीत, तारीख नाही. वही कपाटात गेली. माझे चार कागद साहेबांनी स्वतः सिंकमध्ये जाळले आणि मग सिंक घासूनही ठेवलं.

मी काही क्वेकर झाले नाही. रविवारी एकदा काकांबरोबर गेले होते, अर्ध्या तासात पाय अवघडले. या लोकांनी जगात शांतता आणली असंही मी म्हणणार नाही. त्या दोन देशांचे राजदूत अजून घरीच आहेत. पण कामानिमित्त मी आता मोठमोठे करार वाचते, त्यात अठ्ठेचाळीस तासांच्या सूचनेची सुंदर कलमं असतात, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात येतं, हा फोन नक्की करणार कोण? त्या माणसाला कुणी विचारलंय का? आमच्या कंपनीतही मी हे विचारते. सहकारी वैतागतात. मी मीटिंगची कामं लांबवते म्हणून माझ्याबद्दल तक्रारसुद्धा झाली. माझ्याबद्दल! नवरा तर हसून हसून लोळायचा बाकी होता.

पहिल्या पावसाळ्यात दोनदा फोन आला. दोन्ही वेळा साहेबांचाच आवाज. बाई मला मेसेजवर कळवायची, "आला होता," आणि पुढे एक अंगठा. दोन्ही वेळा पाणी वस्तीच्या अलीकडेच थांबलं.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी मी ऑफिसखाली सायकल लावत होते तेव्हा तिचा फोन आला. आम्ही बोलतो इंग्रजीतच, पण माझ्या कानांना ती कधीची अगं-तुगंत ऐकू येते. तिचा आवाज बसलेला होता. भोंग्यांवर ओरडून ओरडून बसला होता.

"पहाटे फोन आला," ती म्हणाली. "पण आवाज त्यांचा नव्हता गं."

मी सायकलचं कुलूप हातात धरून तशीच उभी राहिले. "मग कोणाचा?"

"कुणीतरी तरुण माणूस होता. घाबरलेला. आमची भाषा त्याला येतही नव्हती, पाठ करून ठेवल्यासारखं बोलला. पाणी सोडतोय. आणि फोन ठेवला."

साहेबांची बदली झाली की आणखी काही, ते आम्हाला आजही माहीत नाही. कुणाला विचारायची सोय नाही. त्यांनी त्या मुलाला नंबर कधी दिला असेल, काय सांगून दिला असेल, हेही नाही. मी तिथेच पायरीवर बसले आणि भर सकाळी सहकाऱ्यांसमोर रडले.

"तू काय केलंस?" मी शेवटी विचारलं.

"कोण म्हणून विचारलं नाही," ती म्हणाली. "पन्नास मिनिटांनी पाणी आलं. घरांच्या छपरांवरून गेलं. आत कुणी नव्हतं."